इलिनॉयमधलं केरो: दोन मोठ्या नद्यांच्या संगमावरचं शहर ओस का पडलं?

परळची_मावशी

नमस्कार मंडळी. माझी भाची कार्बनडेलला शिकतेय, इलिनॉयच्या अगदी दक्षिणेला. ऑक्टोबरात मी आणि आमचे हे तिच्याकडे जाणार आहोत. ह्यांना नकाशांचं वेड. परवा रात्री मला झोपेतून उठवून फोनवर उपग्रहाचं चित्र दाखवलं: एका बाजूने मिसिसिपी येतेय, चहासारखी तपकिरी, दुसऱ्या बाजूने ओहायो, काळपट हिरवी, आणि दोघींच्या बेचक्यात चिमटीएवढं शहर. केरो. स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच. संगमानंतर बराच वेळ दोन्ही पाणी शेजारी-शेजारी वाहतात, मिसळत नाहीत.

मग रस्त्यावरचे फोटो बघितले तर मुख्य बाजारपेठेत दुकानंच नाहीत. सुरेख विटांच्या इमारती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मधले प्लॉट रिकामे, गवत वाढलेलं. १९२० च्या जनगणनेत तिथे १५,२०३ लोक होते, २०२० मध्ये १,७३३. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये गणपतीला याहून जास्त माणसं आरतीला असतात.

आमच्या ह्यांचा प्रश्न, तोच माझा: एवढ्या मोक्याच्या जागी शिकागो व्हायला हवं होतं, ते झालं का नाही? आणि जायचं का बघायला? भाची म्हणते, "मावशी, तिथे काही नाहीये."

---

माझगावचा_खलाशी

मावशी (वयाने मी मोठा असेन, पण नावच असं घेतलंत त्याला माझा इलाज नाही),

केरोला मी पाऊल ठेवलेलं नाही. पण केरोवरून खाली आलेला मका आणि सोयाबीन जहाजात भरून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ह्या नदीबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क मी मानतो.

आमची बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल वाहणारं जहाज, मिसिसिपीच्या मुखाशी साउथवेस्ट पासला पायलट घेऊन आत शिरायची, न्यू ऑर्लिन्स मागे टाकून डेस्ट्रेहान, रिझर्व्ह, कॉन्व्हेंट अशा धक्क्यांवर जायची. समुद्री जहाजाची मजल बॅटन रूजपर्यंत. त्याच्यावर नुसत्या बार्जेस, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट तळाच्या मालनौका. एका बार्जेत साधारण १,५०० टन धान्य मावतं. आणि बघा, तिकडची टोबोट नावाने 'ओढणारी बोट', पण ओढत नाही, ढकलते. चपट्या नाकाची बोट मागे, आणि पुढे पोलादी वायरने एकमेकींना करकचून आवळलेल्या बार्जेसचा तराफा. रात्री नांगरावर असताना मी डेकवरून बघायचो: खांद्यावर रॅचेट (वायर आवळायचं अवजार) टाकून एक पोरगा बार्जेच्या कडेकडेने चाललाय, पायाखाली हातभर रुंदीची पट्टी, शेजारी काळं पाणी धावतंय, आणि गडी शीळ घालतोय. आमच्या सारंगाला मी म्हटलं, हे काम आपल्याला जमायचं नाही. तो म्हणाला, साहेब, जमेल, पण बायको करू देणार नाही.

आता केरोचं महत्त्व. वरच्या मिसिसिपीवर लॉक्स आहेत, म्हणजे पाण्याचे जिने. तिथल्या मोठ्या लॉकमध्ये एका वेळी पंधरा बार्जेस जेमतेम बसतात. सेंट लुइसच्या खाली समुद्रापर्यंत एकही लॉक नाही, आणि केरोपासून ओहायोचं पाणीही येऊन मिळतं. म्हणून केरोच्या आसपास तराफे सोडून नव्याने बांधतात, आणि तिथून खाली तीस-तीस, चाळीस-चाळीस बार्जेस एका बोटीपुढे निघतात. नदीचे मैलसुद्धा इथेच बदलतात. ओहायोचे मैल पिट्सबर्गपासून मोजतात, ते इथे ९८१ वर संपतात. वरच्या मिसिसिपीचा शून्य मैल इथेच. आणि संगमापाशी सरासरी पाणी ओहायोत जास्त असतं, तरी पुढे नाव मात्र मिसिसिपीचं चालतं.

मग शहर का नाही? कारण बोटीला केरोत थांबावंच लागत नाही! डिझेल, वाणसामान, बदली खलाशी, सगळं लाँचने मध्यधारेत पोचतं. करोडोंचा माल रोज दारावरून जातो, आणि दारातल्या माणसाला चहाचे पैसेसुद्धा सुटत नाहीत.

जुन्या काळी थांबावं लागायचं. १८३७ मध्ये होलब्रुक नावाच्या गृहस्थाने इथे शहर वसवायला कंपनी काढली, लंडनमध्ये रोखे विकले, आणि ते सगळं बुडालं. १८४२ मध्ये कादंबरीकार डिकन्स बोटीने तिथून गेला, त्याने ह्या दलदलीची मनसोक्त निंदा केली. पण १८५६ पर्यंत इलिनॉय सेंट्रल रेल्वे केरोला पोचली आणि दिवस पालटले: उत्तरेकडून गाडी, दक्षिणेकडून आगबोट, मध्ये माल उतरवणं-चढवणं, हमाली, गोदामं, हॉटेलं, दारूचे गुत्ते. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ च्या सप्टेंबरात उत्तरेच्या जनरल ग्रँटने इथेच तळ टाकला. इथूनच त्याने केंटकीतलं पड्यूका शहर घेतलं, आणि १८६२ च्या फेब्रुवारीत फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दक्षिणेचे किल्ले. चिलखती गनबोटींचा तळही केरोलाच.

पुढे १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला. तोवर डबे फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यायचे, त्यात शहराचा दिवस जायचा आणि पोटही भरायचं. पुलानंतर गाडी सरळ पार. लगेच शहर मेलं असं नाही, वाढ १९२० पर्यंत होतीच. पण जिथे मालाचा खोळंबा होण्याची सक्ती संपते तिथल्या बंदराचं काय होतं हे मुंबईकराला मी काय सांगणार. १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्ग ५७ चा पूल शहराच्या वरच्या अंगाने मिसिसिपी ओलांडून गेला, आणि ट्रकवालेही गेले.

---

नाले_निवृत्त

खलाशीसाहेबांनी पाण्यावरचं सांगितलं, मी पाण्याखालचं सांगतो. पालिकेत पर्जन्य जलवाहिन्यांवर आयुष्य काढलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा मी कुठे होतो आणि किती शिव्या खाल्ल्या ते इथे नको.

केरो हे इलिनॉयमधल्या सर्वांत सखल जागी वसलंय, भोवती बांध आणि भिंती. उत्तरेला हमरस्ता रेल्वेच्या भरावाखालून जातो, तिथे वर एक अवाढव्य पोलादी दरवाजा टांगलेला आहे. तो खाली सोडला की रस्ता बंद, शहर डबाबंद. मावशी, कार्बनडेलहून जुन्या रस्त्याने आलात तर त्याच्या खालूनच जाल, मान वर करून बघा.

लोकांना वाटतं, पाणी भिंतीवरून येतं. खरी धास्ती खालून असते. नदीकाठची जमीन वाळूची. बाहेर पाणी चढलं की दाबाने ते बांधाच्या पोटाखालून सरकतं आणि आतल्या बाजूला, कुणाच्या परसात, उकळी फुटल्यासारखं वर येतं. नितळ पाणी आलं तर ठीक. गढूळ आलं, वाळू घेऊन आलं, म्हणजे बांधाखालची जमीन पोखरली जातेय. नवशिका माणूस ते भोक बुजवायला धावतो, आणि पाणी दुसरीकडून फुटतं. भोक बुजवायचं नसतं, भोवती वाळूच्या पोत्यांची विहीर रचायची. आत पाणी चढतं, त्याच्या वजनाने दाब जिरतो, पाणी झिरपत राहतं पण वाळू येईनाशी होते. २०११ मध्ये केरोत असले मोठाले उमाळे फुटले होते.

२ मे २०११ ला केरोच्या मापकावर (नदीची पातळी मोजायच्या पट्टीवर) ६१.७२ फूट पाणी होतं. १९३७ च्या महापुरात ५९.५ झालं होतं, तो विक्रम मोडला. भिंत त्याच मापाने ६४ फुटांची. शहर रिकामं करायचा हुकूम आदल्या दिवशीच निघाला होता. पलीकडे मिझुरी राज्यात बर्ड्स पॉइंट ते न्यू माद्रिद असा पुराला वाट द्यायचा पट्टा राखून ठेवलाय, सुमारे १,३०,००० एकर, १९२७ च्या पुरानंतर १९२८ मध्ये केलेल्या कायद्याने. पण त्यात शेती आणि घरं. मिझुरी राज्य कोर्टात गेलं, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत, तिथेही दाद मिळाली नाही. त्या रात्री जनरल वॉल्श यांच्या हुकमाने लष्कराच्या अभियंत्यांनी बांधातल्या नळ्यांमध्ये द्रवरूप स्फोटकं भरली आणि बांध उडवला. केरो वाचलं.

मिझुरीच्या विधानसभेच्या अध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं होतं, शेतं बुडवावी की केरो? ते म्हणाले, केरो. नंतर माफी मागितली. आणि त्या पट्ट्यात पिनहूक नावाचं कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं छोटं गाव होतं, ते संपलं. त्यांनी ती सखल जमीन हौसेने घेतली नव्हती, दुसरीकडे त्यांना कुणी विकत नव्हतं. कागदावर 'पूरमार्ग' लिहिलेल्या जागेत कोण राहतं ते मी नोकरीत पुरेसं बघितलंय.

जाता जाता: केरोच्या वर ओहायोवर ओल्मस्टेडचं लॉक आणि धरण आहे. १९८८ चा अंदाज ७७.५ कोटी डॉलर, २०१८ मध्ये उघडेपर्यंत सुमारे ३०० कोटी. आमच्या खात्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे जपून ठेवावं.

---

दादरची_बाई

तुम्ही दोघांनी सगळं पाण्यावर आणि पुलावर ढकललंत. मी शाळेत इतिहास शिकवायचे, मला हे पटत नाही. केरो बुडालेलं नाही, २०११ मध्येही नाही. ते तिथल्या माणसांनीच रिकामं केलं.

नोव्हेंबर १९०९ मध्ये विल जेम्स ह्या कृष्णवर्णीय माणसाला हजारोंच्या जमावाने शेरीफच्या (तिकडचा जिल्ह्याचा पोलीस प्रमुख) ताब्यातून ओढून नेलं आणि भर बाजारात मारलं. खटला नाही, काही नाही. चौकातल्या कमानीला विजेचे दिवे होते, ते लावून. इलिनॉयमध्ये १९०५ चा कायदा होता की कैदी असा जमावाच्या हाती गेला तर शेरीफचं पद जातं. ते गेलं. त्याने परत मिळावं म्हणून अर्ज केला, आणि गावातले प्रतिष्ठित त्याच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा आयडा बी. वेल्स ही कृष्णवर्णीय पत्रकार शिकागोहून केरोला गेली, घरोघरी फिरून माहिती काढली आणि राज्यपालांपुढे एकटीने बाजू मांडली. समोर वकिलांची फौज. राज्यपाल डेनीन यांनी शेरीफला परत घेतलं नाही. माझ्या मते केरोच्या इतिहासातली सर्वांत मोठी व्यक्ती हीच, ग्रँट नव्हे.

१९६२ मध्ये पोहण्याच्या तलावावर कृष्णवर्णीयांना बंदी होती, म्हणून तरुण पोरं बाहेर गुडघे टेकून प्रार्थनेला बसली. डॅनी लायनने काढलेला तो फोटो प्रसिद्ध आहे, त्यात जॉन लुइस आहेत, पुढे अमेरिकेच्या संसदेचे सदस्य झाले ते. तलावाचं काय केलं? सर्वांना खुला करण्याऐवजी बंद केला, आणि पुढे सिमेंटने बुजवून टाकला! स्वतःच्या पोरांना पोहता आलं नाही तरी चालेल, पण शेजारच्याला येता कामा नये.

१९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा एकोणीस वर्षांचा सुट्टीवर आलेला कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत फास लागलेल्या अवस्थेत मिळाला. पोलीस म्हणाले आत्महत्या, लोकांनी मानलं नाही, दंगे झाले, नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) आलं, गोऱ्यांनी शस्त्रधारी टोळ्या उभ्या केल्या. १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी: आम्ही गिऱ्हाईक आहोत तर आम्हाला नोकऱ्याही द्या. कित्येक दुकानदारांनी गल्ला बंद केला, पण नोकरी दिली नाही. मावशी, ज्या फळ्या तुम्ही फोटोत बघितल्या त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ इथे आहे.

---

माझगावचा_खलाशी

बाई, हे सगळं मान्य. पण दंगे सेंट लुइसलाही झाले, मेम्फिसलाही. ती शहरं उभी आहेत. तिथे नदीखेरीज दुसरा धंदा होता, केरोत नव्हता.

---

दादरची_बाई

मेम्फिस कशाला, पड्यूका घ्या. ओहायोवर, केरोपासून गाडीने फार तर तासाभराच्या आत. तीच नदी, तोच १९३७ चा पूर, त्याच बार्जेस. आज तिथे २७,००० माणसं राहतात आणि टोबोटींच्या कंपन्यांची कार्यालयं आहेत. केरोतल्या दुकानदारांनी गल्ला बंद केला त्या वर्षांत पड्यूकाची दुकानं चालूच होती.

---

नाले_निवृत्त

पड्यूका टेनेसी नदीच्या मुखाशी आहे आणि मागे पसरायला उंच जमीन आहे. केरोला मागेही पाणीच. भांडा तुम्ही, मी बघतो. मात्र पड्यूकाच्या पूरभिंतीवर गावाच्या इतिहासाची चित्रं रंगवली आहेत, मावशींनी तीही बघावीत.

---

परळची_मावशी

केवढं लिहिलंत! ह्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि केरो-पड्यूका असा दिवस आखलाही. एकच शंका: केरोच्या दोन्ही नद्यांवरचे जुने पूल फार अरुंद आहेत असं भाची म्हणते, आणि तिने गाडी नुकतीच हातात घेतलीय. संगमापर्यंत जायला पूल ओलांडावा लागतो का?

---

माझगावचा_खलाशी

नाही. उत्तरेकडून शहरातून सरळ खाली या. दोन्ही पुलांचे रस्ते जिथे एकत्र येतात त्याच्या खालीच फोर्ट डिफायन्सचं उद्यान आहे, टोकाला नावाड्यांच्या स्मरणार्थ बांधलेला काँक्रीटचा सज्जा. त्यावर चढलात की डावीकडे ओहायो, उजवीकडे मिसिसिपी. निघण्याआधी केरोच्या मापकाचा आकडा बघा, ४० फुटांवर पूर धरतात, आणि पाणी चढलं की ते उद्यान सर्वांत आधी बुडतं. ऑक्टोबरात बहुधा उलटंच असतं, पाणी उतरलेलं. २०२२ च्या ऑक्टोबरात तर इतकं उतरलं की खाली बार्जेस वाळूत रुतल्या होत्या. पड्यूकाला मात्र केरोच्या पुलावरून जाऊ नका, वरच्या महामार्गाने फिरून जा. आणि जेवणाचा डबा बरोबर ठेवा.