मदत हवी आहे: आजोबांच्या हवाई दलातल्या नोकरीची माहिती कशी मिळवावी? (हलवारा, १९६५)

माझे आजोबा हवाई दलात आर्मरर होते, म्हणजे विमानांवरची शस्त्रं सांभाळणारे. गेल्या वर्षी ते गेले. आवराआवर करताना ट्रंकेत १९६५च्या भारत-पाक युद्धाची दोन पदकं सापडली, समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. मेडलच्या कडेवर सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव असं बारीक कोरलंय. नंबर नीट वाचता येतो, पण डिस्चार्ज बुक (नोकरी संपताना मिळणारं नोंदींचं पुस्तक) घरात कुठेच नाही.

पंजाबातल्या हलवारा हवाई तळावर ते हंटर या लढाऊ विमानांवर होते, एवढं आजीला पक्कं आठवतं. ते स्वतः युद्धाबद्दल बोलत नसत, तोफांचा विषय निघाला की मात्र खुलायचे. हंटरच्या ३० मिलिमीटरच्या चार तोफा आणि त्यांच्या गोळ्या मिळून एकच पॅक असतो. विमान उतरलं की रिकामा पॅक खाली घ्यायचा, भरलेला वर चढवायचा. ६ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी छत्रीधारी सैनिक तळाजवळ उतरले, तेव्हा ते रायफल घेऊन खंदकात होते. हे मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं.

१५ वर्षं भरल्यावर गावी आले, एसटीच्या डेपोत लागले. एका कानाने ऐकू येत नसे. घरी मिक्सर उघडला तरी हत्यारं फडक्यावर ओळीने मांडायचे आणि झाकण लावण्याआधी मोजायचे. एकदा एक स्क्रू कमी भरला, तर जोडलेला मिक्सर पुन्हा सगळा खोलला. स्क्रू माझ्या मुठीत होता. मी सहा वर्षांचा असेन. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "विमानात राहिला असता तर?"

आता प्रश्न. दिल्लीत सुब्रतो पार्कला हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथे अर्ज करायचाय. फॅमिली पेन्शन आजीला मिळते. मग अर्ज तिच्याच सहीने हवा, की नातवाचा चालतो? सोबत काय जोडावं? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत कुणी असं काम केलंय का?

हलवाऱ्याला तेव्हा ७ आणि २७ नंबरच्या स्क्वाड्रनची हंटर होती. आजोबा कुठल्या स्क्वाड्रनवर, ते कळायला हवं. वैमानिकांची नावं शोधली की सापडतात, पॅक चढवणाऱ्यांची सापडत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

आजीकडे एक ग्रुप फोटो आहे. बारा जण, मागे पेन्सिलीने फक्त 'हलवारा'. कुणाचे वडील किंवा आजोबा तेव्हा तिथे असतील तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा, फोटो पाठवतो.