हॉटेलसाठी चोवीस चित्रं, दीड हजाराला एक. देऊ का?

भांडुपची_जलरंगी:
शाळेत चित्रकला शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. जलरंगात मुंबई काढते: गिरगावच्या चाळींचे कठडे, ससून डॉकची पहाट, हिंदमाताला तुंबलेलं पाणी. डिसेंबरात आम्ही चौघींनी आठवडाभर हॉल घेतला. भाडं, फ्रेमा, पत्रिका, चहा-बिस्किटं धरून माझे ३१,००० गेले. येईल तो "वा, अगदी फोटोसारखं!" म्हणायचा. विकली गेली दोन, त्यातलं एक मावशीने घेतलं. ते धरायचं की नाही, तुम्हीच सांगा.

आता एका इंटिरियरवाल्याचा फोन आलाय. ठाण्यातल्या हॉटेलच्या खोल्यांसाठी २४ चित्रं हवीत, १५ बाय २२ इंच, विषय तो सांगेल. प्रत्येकी १,५००, फ्रेमसकट, आणि वर "पुढे प्रिंट काढायचे हक्क आमचे". याच आकाराला मी प्रदर्शनात ८,००० लावले होते. नवरा म्हणतो, घरात पडून राहण्यापेक्षा ३६,००० घे. तोही अगदी चुकीचं बोलत नाहीये. म्हणून विचारते.

पट्टी_माउंट_काच:
ताई, माझं फ्रेमचं दुकान आहे, म्हणून आधी फ्रेमचं बोलतो. या मापाला साधी पट्टी, माउंट (चित्र आणि काच यांच्यामधली जाड पुठ्ठ्याची चौकट), काच, मागचा बोर्ड धरून माझ्याकडे १,२०० च्या खाली काही होत नाही. चोवीस एकदम करून घेतल्यात तर हजारात बसवून देईन. म्हणजे चित्रामागे तुमच्या हातात ५००. त्यातच कागद, रंग आणि ठाण्यापर्यंतचा टेम्पो.

आणि माउंट वाचवायच्या फंदात पडू नका. काच कागदाला टेकली की आपल्या पावसाळ्यात बुरशी धरलीच समजा. गिऱ्हाईक फ्रेमवाल्याला नाही, चित्रकाराला शिव्या घालतं.

जाता जाता, फ्रेमवाल्याला कमी समजू नका. केकू गांधींचं काम फ्रेमांपासूनच सुरू झालं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या फ्रेमच्या दुकानात ते हुसेन, आरा यांची चित्रं लावायचे, जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी आली ती नंतर, १९६३ साली. माझ्याही दुकानात भिंत आहे. दोन आणून टांगा, विकली तर वीस टक्के माझे.

काळाघोड्याचा_फूटपाथ:
जहांगीरच्या बाहेर फूटपाथवर नऊ वर्षं चित्रं मांडून बसलोय. आत प्रदर्शन लागलं ते फार उशिरा, अर्ज टाकल्यावर तारीख मिळेपर्यंत दाढी पांढरी झाली. तुम्हीही अर्ज आजच टाकून ठेवा.

"फोटोसारखं" म्हणणारा कधी घेत नाही. घेणारा गप्प उभा राहतो, पुढे जातो, परत येतो आणि विचारतो, "ही गल्ली कुठली?" त्याला चित्र नको असतं, त्याला त्याची गल्ली हवी असते. लालबागच्या एका जिन्याच्या चित्रापुढे एक गृहस्थ असेच थांबले. मी ६,००० सांगितले, ते ४,००० वर अडले. मी सोडलं नाही. तीन आठवड्यांनी बायकोला घेऊन आले, तिला जिन्याची तिसरी पायरी दाखवली आणि मुकाट ६,००० दिले. त्या पायरीवर काय झालं होतं ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून वही ठेवतो. नाव, फोन आणि कशापुढे थांबला ते. नवीन काम झालं की सगळ्यांना पत्रिका पाठवत नाही. लालबागवाल्याला लालबाग, माहीमवाल्याला माहीम.

भावाचं म्हणाल तर १५ बाय २२ म्हणजे ३३० चौरस इंच, ८,००० म्हणजे इंचाला २४ रुपये आणि काही पैसे. हा दर धरून ठेवा. ११ बाय १५ चं हिशोबाने ४,००० होतं, तुम्ही ४,५०० लावा, कारण आकार निम्मा झाला म्हणून मेहनत निम्मी होत नाही. गिऱ्हाइकाचं बजेट कमी असेल तर लहान चित्र दाखवा, मोठ्याचा भाव पाडू नका. तुमच्या मावशीने पूर्ण पैसे दिले असतील तर ती विक्रीच. आणि उद्या ती त्या हॉटेलात उतरली आणि तिथलं तुमचं चित्र दीड हजाराचं आहे हे तिला कळलं तर?

कलम_सतरा:
वकील आहे, चित्रातलं कळत नाही. तयार चित्र विकलं तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. पण इथे विषय तो सांगणार आणि पैसे देऊन काढून घेणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार अशा चित्राचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे गप्प राहिलात तरी हक्क गेले. सही करायच्या आधी हक्क माझेच, असं लिहून घ्या.

त्यापेक्षा मूळ चित्रं द्यायचीच कशाला? जुन्यातली सहा निवडा, त्यांचे प्रिंट काढायची परवानगी द्या: हेच हॉटेल, हाच आकार, २४ प्रती, बस्स. छपाई आणि फ्रेम त्याच्या खर्चाने.

भांडुपची_जलरंगी:
वकीलसाहेब, तसंच सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "प्रिंट चालतील, खोलीत कोण बघतंय." राग आला, पण गिळला. सहा चित्रांच्या परवानगीचे मी ३०,००० मागितले, तो १८,००० वर आलाय. घासाघीस चालू आहे. नवऱ्याने फ्रेमचा हिशोब वाचला आणि तो विषयच सोडला.

फूटपाथकाका, वही नव्हती माझ्याकडे. पण प्रदर्शनातली अभिप्रायाची वही माळ्यावरून काढली. हिंदमाताच्या चित्राबद्दल एकाने लिहिलंय, "डावीकडे अजून दोन फूट काढलं असतंत तर आमची चाळ आली असती." खाली नाव आणि फोन! काल हिय्या करून लावला. रविवारी घरी येतायत बघायला. किंमत त्यांनी विचारली नाही, मीही बोलले नाही.

काळाघोड्याचा_फूटपाथ:
आत्ताच मेसेज टाका. ८,०००, फ्रेमसकट. आणि डावीकडचे दोन फूट वेगळ्या कागदावर काढायला घ्या, रविवारला अजून चार दिवस आहेत.