‘रोज थोडं तरी कराच’ हा सल्ला नक्की कुणासाठी?

पाटीपेन्सिल
‘पंधरा मिनिटं का होईना, रोज बसा. खंड पडला की संपलं.’ लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकवलं जातं. ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या हातात आहे त्याने हा सल्ला जरूर पाळावा. बाकीच्यांच्या पदरात त्यातून फक्त अपराधीपणा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून माझ्या दिवसाचे तुकडे झालेत. कूस बदलून द्या, व्यायाम करून घ्या, गोळ्यांच्या वेळा सांभाळा, आणि या सगळ्यात नोकरी. पंधरा मिनिटं मिळतात, नाही असं नाही. पण कादंबरीतल्या माणसांपर्यंत पोचायलाच तेवढी लागतात. मागचं प्रकरण चाळून होतंय तोवर आतून हाक येते. असं चारदा झालं की वही उघडायचीच धास्ती वाटते.

म्हणून ‘रोज’ सोडलं. एक गोष्ट मात्र सोडली नाही: कितीही घाईत उठावं लागलं तरी पुढे काय होणार ते एका ओळीत लिहून ठेवायचं. सध्याची ओळ अशी आहे: ‘सुमन दार उघडते पण पत्राचा विषय काढत नाही. दीर आतल्या खोलीत आहे हे तिला ठाऊक नाही.’ मध्ये कितीही दिवस गेले तरी सुमन दारातच उभी असते, मला सुरुवातीपासून वाचत यावं लागत नाही. पुढचं माहीत असतानाच थांबावं, असं अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे सांगायचा. त्याला उद्याची खात्री होती, मला नाही, पण युक्ती दोघांनाही लागू पडते.

खंड किती दिवसांचा पडला हे मी मोजतच नाही. परत येणं सोपं ठेवलंय का, एवढंच बघते. विरोधी मतं आवर्जून लिहा.

उंटावरचा_शहाणा
असहमत. ‘परत येणं सोपं ठेवलंय’ म्हणणारे बहुतेक जण परत येत नाहीत. ओळ लिहून ठेवली की काम केल्याचं समाधान मिळतं आणि वही कपाटात जाते.

अँथनी ट्रोलोप पोस्टखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. अशा ४७ कादंबऱ्या झाल्या. ‘त्याचं काय, पुरुष होता’ असं कुणी म्हणणार हे माहीत आहे, म्हणून टोनी मॉरिसन घ्या. घटस्फोट झालेला, दोन मुलं एकटीच्या अंगावर, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी. मुलं उठायच्या आत पहाटे लिहायची. पहिली कादंबरी १९७० साली आली. वेळ मिळत नसतो, काढावा लागतो.

खडूस
ट्रोलोपची गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. त्याच्या आत्मचरित्रातच उरलेली अर्धी आहे. त्याला पहाटे उठवायला एक म्हातारा नोकर होता, त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जास्तीचे मिळत, आणि कॉफी आणायला तो एकदाही उशीर करत नसे. असा नोकर मिळाला तर मीही साडेपाचला उठेन.

उंटावरचा_शहाणा
कॉफी नोकराने आणली, शब्द नोकराने नाही लिहिले. आणि मॉरिसनबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प. आपल्या बहिणाबाईंना कोण कॉफी आणून देत होतं? शेतात राबताना, जात्यावर बसल्या बसल्या ओव्या रचल्या त्यांनी.

खडूस
मॉरिसनपुढे हात जोडतो, तिथे बोलायला जागा नाही. पण बहिणाबाईंचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांसारखा मुलगा घरात होता, ओव्या उतरवून घेतल्या गेल्या, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक होऊ शकलं. जिच्या घरात उतरवून घेणारं कुणी नव्हतं तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? मलाही नाही.

बैठक
सगळे लेखनावरच बोलताय म्हणून मध्ये पडते. मी सतार वाजवते. सुमन दारात उभी राहत असेल हो, पण माझ्या बोटांचे घट्टे थांबत नाहीत. महिनाभर सतार गवसणीत राहिली की बोटाचं टोक मऊ पडतं, तार आत रुतते, आणि मींड खेचताना, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, सूर पोचायच्या आधी बोटच मागे येतं. कान सगळं ओळखत असतो, हात देत नाही. हे लिहिणाऱ्यांना कळायचं नाही, कारण त्यांचं कालचं पान आज बेसूर होत नाही.

त्यामुळे शरीराने करायच्या कलेत खंड मोजावाच लागतो. ओढाताणीच्या काळात मी एक केलं. नवीन काही बसवायचं नाही असं ठरवलं. गत नाही, तान नाही, फक्त मेरुखंडातले (त्याच सुरांचा क्रम बदलत वाजवायचे) चार पलटे आणि थोडी मींड. त्यातून पुढे गेले नाही, पण जिथे होते तिथून घसरलेही नाही. पुढे जायचा रियाज आणि टिकून राहायचा रियाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच वेळी मागितले की माणूस दोन्ही सोडतो.

नीलपक्षी
तिसरी बाजू: सोडून द्यायलाही हरकत नसावी. मी कविता थांबवली. काही बिघडलं नाही. झोप छान लागते.

उंटावरचा_शहाणा
आणि तरीही या धाग्यावर आलात!

रेघोट्या
मी तैलरंगात काम करायचे. मूल रांगायला लागल्यावर टर्पेंटाइन घरातून काढावंच लागलं. शिवाय रंग काढून पॅलेट मांडायचं आणि शेवटी ब्रश धुवायचे, यातच मिळालेला वेळ संपायचा. आता साधं बॉलपेन आणि खिशात मावेल एवढी वही. झोपलेल्या मुलाचा हातच इतक्यांदा काढलाय की त्याची नखं मला पाठ झालीत. बॉलपेन खोडता येत नाही, त्यामुळे रेघ ओढायच्या आधी बघणं वाढलं.

यावर ‘मग मोठ्या कॅनव्हासचं काय झालं’ असं विचारणारे भेटतात. माझं उत्तर अॅलिस मन्रो. मुलं झोपायची तेवढ्या वेळात कादंबरी होईना म्हणून ती कथेकडे वळली, हे तिनेच सांगितलंय. पहिला संग्रह १९६८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी. २०१३ साली नोबेल मिळालं ते कथांसाठीच. जगण्याने आकार बदलला म्हणून ध्येय सुटलं असं मी मानत नाही.

उंटावरचा_शहाणा
मन्रोसुद्धा रोजच लिहायची. पण मी नुसती उदाहरणं देत नाही. २०१० साली लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी एक नवी सवय लावून घ्यायची होती. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. तेवढे दिवस नेट लावला की पुढे आपोआप होतं.

पाटीपेन्सिल
तोच अभ्यास पुढे सांगतो की कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. शिवाय त्या सवयी कोणत्या? जेवताना पाणी पिणं, फळ खाणं, थोडं धावणं. पाणी आपोआप पिता येतं. सुमन पत्राबद्दल का बोलत नाही, हे मला अजून आपोआप सुचलेलं नाही.

बैठक, तुमचा मुद्दा मान्य. माझं विधान लिहिणाऱ्यांपुरतंच धरा.

खडूस
पाटीपेन्सिल, एक विचारू? घरात वडिलांचं करणारं आणखी कोण आहे?

पाटीपेन्सिल
भाऊ आहे. दुसऱ्या गावी असतो. शनिवारी येतो, वडिलांजवळ बसून मॅच बघतो, रविवारी जातो.

खडूस
मग युक्त्या कसल्या शोधताय? शनिवारी दुपारी तो आला की तुम्ही बाहेर पडा. वाचनालय, मैत्रिणीची रिकामी खोली, कुठेही. घरात थांबलात तर हाक तुम्हालाच येणार.

उंटावरचा_शहाणा
खडूसशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. रोज नको, पण वार ठरलेला हवाच. हेच तर पहिल्यापासून सांगतोय.

पाटीपेन्सिल
तुम्ही हे सांगत नव्हतात, तुम्ही साडेपाच सांगत होतात. भावाला मेसेज टाकलाय. ‘कूस कशी बदलायची ते मला येत नाही’ असं उत्तर आलंय. शुक्रवारी व्हिडिओ करून पाठवते.