मदत हवी आहे: कोणतं जनुक उघडायचं हे स्विच-स्निफ या पेशीतल्या प्रथिनयंत्राला कळतं कसं?

मंडळी, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय जैवरसायनशास्त्र. गुरुवारी सेमिनार आहे आणि क्रोमॅटिन रिमॉडेलिंग (डीएनएची गुंडाळी हलवून जनुकं उघडणं-मिटणं) हा विषय मीच हौसेने मागून घेतला. आता घोडं अडलंय.

जेवढं समजलंय ते आधी सांगते, चुकलं तर तिथेच टोका. आठ हिस्टोन प्रथिनांच्या रिळावर डीएनएच्या १४७ बेसजोड्या पावणेदोनपेक्षा जरा कमी वेढे घेऊन बसतात, तो न्यूक्लिओसोम. प्रमोटर, म्हणजे जनुक जिथून चालू होतं तो डीएनएचा भाग, या वेढ्यांत अडकला असेल तर जनुकाची आरएनए प्रत काढणारी आरएनए पॉलिमरेज आणि तिच्या गोतावळ्याला टेकायला जागाच नाही. स्विच-स्निफसारखी यंत्रं एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून रीळ बाजूला सरकवतात, नाहीतर चक्क उपटून काढतात.

पण या यंत्राला डीएनएचा क्रम वाचता येत नाही म्हणतात. यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुकं आहेत. ग्लुकोज संपलं की सुक्रोज फोडणारं इन्व्हर्टेज बनवायचं जनुक त्याला बरोबर सापडतं, ते कसं? दुसरं, रीळ सरकवायचं तर १४७ बेसजोड्यांची पकड एकदम सोडवावी लागत असेल ना? एवढी ताकद येते कुठून? सरांना विचारलं तर म्हणाले, "पुस्तकात बाण दाखवलाय की." बाण मलाही दिसतोय!

प्रतिसाद १
बरेच दिवस यीस्ट सांभाळलंय, म्हणून लिहितो. पत्ता यंत्राला ठाऊक नसतो, त्याला नेणारा वेगळा असतो. एचओ हे जनुक बघा. यीस्ट आपला लिंगप्रकार बदलतं ते याच्या जोरावर, आणि 'स्विच' हे नावही तिथूनच आलं. आधी स्विच-५ हे क्रम ओळखणारं प्रथिन डीएनएवर बसतं आणि स्विच-स्निफला बोलावतं. त्यामागून हिस्टोनच्या शेपट्यांना अ‍ॅसिटिल गट लावणारं संकुल येतं. स्विच-स्निफमध्ये अशा शेपट्या धरणारा ब्रोमोडोमेन आहे, त्यामुळे पकड घट्ट होते. गंमत म्हणजे तोवर स्विच-५ निघूनही गेलेलं असतं, यंत्र मात्र तिथेच!

पकड एकदम सोडवायची गरज नाही. यंत्राची मोटर वेढ्याच्या आतल्या एका जागी ठाण मांडते आणि डीएनए एकदोन बेसजोड्यांनी ओढते. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. जड कपाट आपण एकेक पाय सरकवत नेतो ना, तसं.

स्लाइडवर एक पुरावा नक्की घाला. स्विच-स्निफ बिघडलेल्या यीस्टमधून हिस्टोनच्या जनुकांची एक जोडी काढली, तर इन्व्हर्टेजचं जनुक पुन्हा बऱ्यापैकी चालतं. रिळंच कमी पडली की हमालाचं काम कमी. माझ्या मते हे बाणाच्या दहा चित्रांपेक्षा भारी आहे.

धागाकर्ती
कपाट स्लाइडवर आलं! मग जनुक बंद करायलाही अशीच यंत्रं लागतात का?

प्रतिसाद १
हो. यीस्टमध्येच आयएसडब्ल्यू-२ आहे. त्याला यूएमई-६ हे प्रथिन घेऊन येतं आणि मग आयएसडब्ल्यू-२ न्यूक्लिओसोम उलट प्रमोटरवर ढकलतं, म्हणून मियोसिसची (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची) जनुकं एरवी गप्प राहतात. दोन्ही यंत्रांना एटीपीच लागतं, हे बोलताना विसरू नका.