झोन बदलाचा अर्ज करणारा प्रत्येक जण बिल्डर असतो का?

कुळागर

मागच्या रविवारी ग्रामसभेत ३९ए, म्हणजे गोव्याच्या नगर नियोजन कायद्यातलं एकेका जमिनीचा झोन बदलू देणारं कलम, रद्द करा असा ठराव आला. मी उठून म्हणालो, सरसकट रद्द करायला माझा विरोध आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "बिल्डरचा माणूस!" मी शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो. चतुर्थीला गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची माटोळी सोडली तर आयुष्यात काही उभारलेलं नाही. सभेत बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

डिचोली तालुक्यात आमचं घर आहे, आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत बांधलेलं. भोवतालची जागा धरून ९०० चौरस मीटर. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती सगळी ऑर्चर्ड, म्हणजे बागायतीचा झोन, दाखवली आहे. ऑर्चर्ड म्हणजे तीन माड, एक फणस आणि आमचं घर! गडग्यापलीकडचं शेजाऱ्याचं घर मात्र सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये. नकाशा रंगवणाऱ्याचा हात गडग्यापाशी का थांबला, देव जाणे.

मुलाला बाजूला दोन खोल्या बांधायच्या आहेत. फार्महाऊस म्हणावं तर किमान ४००० मीटरची अट. म्हणजे मोठ्या भाटकाराला, जमीनदाराला, वाट आहे, मला नाही. २०१८ मध्ये झोन बदलाचं कलम १६बी आलं तेव्हा सौ. आजारी होती, राहून गेलं. २०२३ मध्ये १७(२) आलं, आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. माझी तर उघड चूक होती. पण कागद गोळा होईपर्यंत मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने त्या कलमाला लगाम घातला आणि नियम रद्द केले. उरलं ३९ए, त्यालाही कोर्टात आव्हान आहेच.

तालुक्याच्या गावी एका कन्सल्टंटकडे गेलो. एसी ऑफिस, भिंतीवर गणपती, हातात रंगीत पत्रक: झोन बदल, सनद (जमीन बिगरशेती करण्याची परवानगी), लायसन्स, ओसी (घर वापरण्याचा दाखला), सगळं आम्ही करून देऊ, अर्धे पैसे आधी. पैसे दिलेले नाहीत. सेवा म्हणून हे वाईट आहे असं मला वाटत नाही, या वयात पणजीच्या खेपा कोण घालणार? पण कलमच गेलं तर माझ्यासारख्याने कुठे जायचं ते ठराव मांडणाऱ्यांनी सांगावं.

खाजनबांध

मास्तर, तुम्ही बिल्डर नाही हे मला पटलं. पण तुमचे ९०० मीटर ज्या दारातून आत जाणार त्याच दारातून लाखभर मीटरचा डोंगरही जातो. दाराची रुंदी तुमच्यासाठी ठरवलेली नाही.

३९ए काय म्हणतं ते बघा. कोणीही अर्ज करावा, नगर नियोजन मंडळाने मंजूर करावा, ३० दिवस लोकांच्या सूचना मागवाव्यात आणि रंग बदलावा. सूचनेत काय असतं? सर्व्हे नंबर, पोटविभाग, क्षेत्र, ऑर्चर्डमधून सेटलमेंट. त्या जागेला उतार किती, खाली कोणाची विहीर आहे, रस्ता किती रुंद आहे, यातलं काही नाही. माझ्या सासऱ्यांचं खाजन आहे, खाडीकाठची बांध घातलेली शेती. वरच्या मरडात, म्हणजे उंचावरच्या शेतात, मातीचे ट्रक रिकामे झाले त्या वर्षी पावसाचं पाणी मानशीपर्यंत, बांधाच्या दारापर्यंत, पोचायच्या आधी आमच्या पडवीत आलं. भराव टाकायला त्याच कायद्याच्या कलम १७ए खाली परवानगी लागते, हे मला नंतर कळलं. ट्रकवाल्याला आधीपासून माहीत असावं.

एकेक प्लॉट पाहून नकाशा बदलत गेलात तर तो आराखडा उरत नाही, अर्जांची फाईल होते. हायकोर्टाने १७(२) बद्दल हेच तर सुनावलं.

तिरकस

भिंतीवर गणपती, म्हणजे विघ्नहर्ता फीमध्ये धरलेला दिसतो.

पेडण्याची सून

खाजनबांध ताई, राग मानू नका, पण आराखडा आराखडा म्हणून ज्याची पूजा चालली आहे तो कसा झाला ते आठवा. २०११ सालासाठीचा आराखडा २००६ मध्ये निघाला, लोक रस्त्यावर आले, जानेवारी २००७ मध्ये सरकारने गुंडाळला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांना घेऊन कृती दल नेमलं. २०२१ च्या मसुद्यावर गावोगाव समित्या बसल्या, आमच्या सासरी अंगणात रात्री दहापर्यंत नकाशे पसरलेले असायचे. छापून आला तेव्हा आम्ही सांगितलेलं अर्धं त्यात नव्हतं. २०१२ मध्ये नवं सरकार आलं, आराखडा बासनात. २०१८ मध्ये परत बाहेर. नावातलं २०२१ सुद्धा आता मागे पडलं! अशा कागदासाठी एखाद्याने मुलाला भाड्याच्या खोलीत ठेवायचं?

मोपाचा विमानतळ आल्यापासून आमच्याकडे मातीलाही भाव आला आहे. शेती राखा असं सांगणारे बहुतेक जण पणजीच्या फ्लॅटमधून येतात आणि कार्यक्रम संपला की फ्लॅटमध्येच जातात. काजूचं बोंड वेचायला माणूस मिळत नाही, ते कोणी बघत नाही.

खाजनबांध

मी फ्लॅटमध्ये राहत नाही. चिखलात उतरते, या जूनमध्येसुद्धा उतरले. बाकी तुमचं खरं आहे, समित्यांना फसवलं. पण समितीला फसवलं म्हणून आता समितीच नको, हे कुठलं उत्तर? पूर्वी निदान अंगणात नकाशा पसरत होता.

आणखी एक. २०२३ च्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. ऑर्चर्डला ते कुंपण नाही, म्हणून सगळी नजर डोंगरउतारावर आहे. मास्तरांच्या फणसावर कोणाचा डोळा नाही, मान्य.

जुनी मोजणी

भांडण चालू द्या, पण कुळागर बाब, एक विचारतो. तुमचा फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, कोणाच्या नावावर आहे?

मी ३० वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. आता घरी बसून शेजारपाजाऱ्यांचे कागद वाचतो, फुकट. दहा जण झोनसाठी येतात, त्यातल्या सात-आठ जणांची खरी अडचण झोन नसतेच. उताऱ्यावर आजोबांचं नाव असतं. आजोबा गेले. मुलं चार, एक मुंबईला, एक लिस्बनला. आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड, लग्नाबरोबर बायकोचा अर्धा हिस्सा आपोआप आला. म्हणजे चार भावांच्या आठ सह्या, आणि कोणी वारलं असेल तर त्यांच्या मुलांच्या, सुनांच्या, जावयांच्या. इन्व्हेंतारी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, केलेली नसेल तर आधी ती. मग म्युटेशन, म्हणजे फेरफार. मग पार्टिशन, म्हणजे तुमच्या ९०० मीटरना स्वतःचा पोटविभाग. इतर हक्कांच्या रकान्यात कोणी कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) बसला असेल तर तो वेगळा अध्याय. पंचायत भागात मुंडकार घरासह ३०० मीटरपर्यंत मागू शकतो, तुमच्या ९०० मधून वजा करून बघा.

हे सगळं झाल्याशिवाय झोन बदलून मिळाला तरी काय कराल? क्रम असा: झोनिंग सर्टिफिकेट, मग जमीन महसूल कायद्याच्या कलम ३२ खाली सनद, मग नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, मग पंचायतीचं लायसन्स. लायसन्सच्या वेळी सहमालकाची हरकत आली की सगळं तिथेच अडतं. आणि सनद मिळाली म्हणजे झोन बदलला असा समज असलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्याकडून त्यासाठी पैसे घेतलेले होते.

सगळे कन्सल्टंट चोर नसतात. माझ्याबरोबर काम केलेले दोघे चांगले होते. पण चांगला माणूस आधी उतारा मागतो, मग नकाशा, पैशाचं बोलणं शेवटी. तुमच्याकडे पत्रकवाल्याने आधी काय मागितलं?

कुळागर

आधार कार्ड आणि चेक.

उताऱ्यावर आजोबाच आहेत. आम्ही तिघे भाऊ, थोरला गेला, त्याची मुलगी पोर्तुगालला. तिचा पासपोर्टही आता तिकडचा. तिची सही लागेल याचा मी विचारच केला नव्हता, घरात तर मीच राहतो!

पण मोजणीदार, एक सांगा. समजा उतारा स्वच्छ झाला. तेव्हाही माझं घर ऑर्चर्डच. मग?

जुनी मोजणी

मग तुमचं म्हणणं बरोबर ठरतं. वाट हवीच. ३९ए हीच ती वाट का, यावर मी खाजनबांध यांच्या बाजूने आहे. जुनं घर ज्या सर्व्हे नंबरात १९७० च्या दशकातल्या मोजणीपासून नकाशावर दिसतं, त्याच्याभोवती ठरावीक मीटर सेटलमेंट धरा, असा एक साधा नियम सगळ्या गोव्याला लावता येईल. त्यासाठी अर्ज नको, मंडळ नको, पत्रक तर नकोच.

पेडण्याची सून

नियम कोण करणार? ज्यांनी १६बी, १७(२) आणि ३९ए केलं तेच ना? अर्जावर निदान माझी सही असते.

तिरकस

घराभोवती ठरावीक मीटर सेटलमेंट असा नियम आला तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक डोंगरावर एक पत्र्याची खोप उभी राहील, आणि ती आजोबांच्या काळची असेल.

जुनी मोजणी

म्हणून तर जुना नकाशा धरा म्हटलं. त्यात खोप नाही.

खाजनबांध

मोजणीदारांचा नियम मी आमच्या ग्रामसभेत मांडीन. मास्तर, ठरावात "सरसकट" शब्द होता तो मलाही खटकलाच. पण तुमच्या मागच्या बाकावरून कोण बोललं त्याचा राग माझ्यावर काढू नका.

कुळागर

तुमच्यावर राग नाही. पुतणीला काल रात्री फोन लावला. तिकडे दुपार होती, बोलली बरं. सही देईन म्हणाली, पण आधी कागद वाचेन म्हणाली, भावाचीच मुलगी! सोमवारी इन्व्हेंतारीचं विचारायला वकिलाकडे जातो. तोवर ३९ए टिकलं तर अर्ज करणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खाजनबांध

करा. सूचना निघाली की सर्व्हे नंबर इथे टाका. जागा येऊन बघीन, मग हरकत घ्यायची की नाही ते ठरवीन.