अनुभव धागा: तुमचं पहिलं 'होम पेज' कुठे होतं आणि काय होतं त्यात?

जुनीवही (धागाकर्ता)

फेसबुक-इन्स्टा यायच्या आधी ज्यांनी नोटपॅडमध्ये एकेक टॅग टाइप करून स्वतःचं पान उभं केलं, त्यांना हे आवतण.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे इंटरनेट लोकांना खुलं केलं. त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत जिओसिटीजवाले नेटवर पान टाकायला फुकटात जागा वाटत होते. आधी मोहल्ला निवडायचा. कविता-तत्त्वज्ञानवाल्यांना अथेन्स, कॉम्प्युटरवाल्यांना सिलिकॉन व्हॅली, उडत्या तबकड्यांना एरिया ५१. मग रिकामा घरनंबर हुडकायचा, तोच आपला पत्ता. १९९९ मध्ये याहूनं ते विकत घेतलं, पुढे पत्त्यातले मोहल्ले जाऊन नुसतं युजरनेम उरलं, आणि २६ ऑक्टोबर २००९ ला जपान सोडून सगळीकडचं दुकान बंद झालं. ट्रायपॉड किंवा एंजलफायर अशा तसल्याच दुसऱ्या ठिकाणी राहणाऱ्यांनीही यावं, भेदभाव नाही.

पान कशाबद्दल होतं, कोण वाचायचं आणि पार्श्वभूमीचा रंग कोणता, एवढं सांगा. ऑर्कुटचं प्रोफाइल धरलं जाणार नाही.

अथेन्सकर

माझं पान एसटीच्या तिकिटांवर होतं. हसा.

इंजिनिअरिंगला होतो. घरी जाताना-येताना पाकिटात साठलेली ती पातळ कागदाची, कंडक्टरनं पंच केलेली तिकिटं एका सीनिअरच्या स्कॅनरवर ओळीनं लावून स्कॅन केली. प्रत्येकाखाली कुठून कुठे, खिडकी मिळाली की नाही, शेजारी कोण होतं, एवढंच. पार्श्वभूमीलाही तिकीटच, फरशीसारखं पसरलेलं, त्यामुळे वरचा मजकूर वाचता येत नसे. ते मला तेव्हाही कळत होतं, पण तिकीट हटवायला मन होईना.

एचटीएमएलचं (पानं ज्या टॅगांत लिहितात त्या भाषेचं) पुस्तक परवडणारं नव्हतं. दुसऱ्याचं पान आवडलं की 'व्ह्यू सोर्स' करून पानामागचा कोड बघायचा आणि अख्खा फ्लॉपीवर घेऊन हॉस्टेलवर बसायचं. टेबलात टेबल, त्याच्या आत आणखी एक टेबल, आणि जागा सोडायला एका पिक्सेलचं पारदर्शक जिफ चित्र. आजचा सोर्स उघडून बघा, एका ओळीचा अर्थ लागत नाही माणसाला. तेव्हा समोरच्यानं ते कसं केलंय हे दिसायचं, आणि 'हे आपल्यालाही येईल' असं वाटायचं. माझ्या करिअरची सुरुवात कॉलेजच्या लॅबमध्ये नाही झाली, या चोरीत झाली.

सुकी_भेळ

हिरव्यावर लाल. मार्की (सरकती अक्षरं) डावीकडून उजवीकडे. पान बांधकामाधीन, फावडेवाला माणूस खोदतोय. अजून खोदतच असेल.

कढीपत्ता

१९९८ ला लग्न करून ह्यूस्टनला आले. एच-४ व्हिसा, म्हणजे नोकरी करायची नाही. नवरा सकाळी सातला बाहेर. घरात कॉम्प्युटर होता आणि अमेरिकेत लोकल कॉलला मिनिटामागे पैसे पडत नव्हते, हे माझ्यासाठी आश्चर्य. आमच्याकडे सांगलीला नेट जोडायचं तर पुण्याच्या नंबरवर एसटीडी लावावी लागायची. पाच मिनिटांत मेल उतरवून फोन ठेवायचा, नाहीतर बाबांचा चेहरा बघवत नसे.

जिओसिटीजवर खाण्यापिण्याचा मोहल्ला नापा व्हॅली. तिथे बहुतेक वाइनवाले. त्यांच्या शेजारी माझी थालीपीठं.

अडचण मराठीची. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) तेव्हा घरोघरी पोचलं नव्हतं. शिवाजी किंवा शुषा फाँटमध्ये लिहायचं आणि वर पाटी लावायची: आधी हा फाँट उतरवा, विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये टाका, ब्राउझर बंद करून परत उघडा. एवढं कोण करणार? त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. त्यामुळे फाँट नसेल तर 'भाजणी'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेसळ दिसायची. युनिव्हर्सिटीच्या नाहीतर ऑफिसच्या मशीनवर बसणाऱ्याला फाँट टाकायची परवानगीच नसे, आणि माझे निम्मे वाचक तसलेच.

मग मी टाइप करणंच सोडलं. आई अंतर्देशीय पत्रांतून कृती पाठवायची, ती पत्रंच स्कॅन केली. नुसतं काळं-पांढरं जिफ केलं की रंग दोनच, फाइल एकदम हलकी. डायलअपवरही लवकर उतरायची. आईचं अक्षर किरटं, समासातही लिहायची. अनारशांच्या कृतीत मधेच "तुझ्या मामीचं ऑपरेशन नीट झालं" असं वाक्य होतं. ते काढलं नाही, आणि गेस्टबुकात (पानावरच्या अभिप्रायवहीत) मस्कतच्या एका बाईंनी लिहिलं, "मामी आता कशा आहेत?" पुढे तीन-चार जणींनी विचारलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आता पत्रं जपून लिहायला हवीत." आणि पुढच्या पत्रात मामीची सविस्तर खबर, 'सर्व भगिनींना कळवणे' असं वर लिहून.

पार्श्वभूमी फिकट पिवळी, हळदीची. नंतर युनिकोड आलं, सगळं सोपं झालं, तेव्हा माझ्याकडे नोकरीही आली आणि पान तिथेच राहिलं.

जुनीवही

@कढीपत्ता, दंडवत. मामी कशा आहेत?

कढीपत्ता

ठणठणीत. ब्याऐंशी. व्हॉट्सॲपवर सकाळी पाचला गुलाब पाठवतात.

कॅफेवाला

नाशिकला माझं सायबर कॅफे होतं. सुरुवातीला तासाला साठ रुपये दर, नंतर गल्लोगल्ली कॅफे झाले आणि वीसवर आलो. नेटच्या जोडीला मी लोकांना पानं करून द्यायचो. गिऱ्हाईक फ्लॉपी घेऊन यायचं, "घरी सगळं दिसतंय, इथे फोटो दिसत नाहीत." उघडून बघावं तर फोटोचा पत्ता त्याच्या घरच्या सी ड्राइव्हचा. किंवा फाइलचं नाव कॅपिटलमध्ये आणि पानात स्मॉलमध्ये. विंडोजला फरक पडत नाही, पण सर्व्हर युनिक्सचा, त्याला पडतो. हे समजावून सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

पण सांगायचं आहे ते मंडळाचं. एका गणेश मंडळानं पान करून घेतलं: आरास, ढोल पथक, वर्गणीदारांची यादी आणि खाली काउंटर. काउंटर म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारं आकड्यांचं चित्र. पान उघडलं की एक वाढणार, आणि सुरुवातीचा आकडा नोंदणी करताना आपणच टाकायचा. अध्यक्ष म्हणाले, "शून्य बरं दिसत नाही, पाच हजार टाका." टाकले. आठवड्यात शेजारच्या मंडळाचे कार्यकर्ते हजर. त्यांचं पान, आणि आकडा दहा हजार. मग पहिल्या मंडळाची पोरं रोज संध्याकाळी येऊन, माझे पैसे भरून, रिफ्रेशचं बटण दाबत बसायची. पाळ्या लावल्या होत्या. काही काउंटर एकाच मशीनवरून आलेल्याला परत मोजत नसत, पण यांचा मोजायचा, म्हणून मीही गप्प. अनंत चतुर्दशीपर्यंत धंदा जोरात. मूर्तीचा फोटो अख्खा उतरेपर्यंत थांबायला मात्र कुणाला वेळ नव्हता, मुकुट दिसला की रिफ्रेश.

खवट

सगळं छान, पण जरा खरं बोलू. त्यातली बहुतेक पानं वाचवत नव्हती. जांभळ्यावर पिवळं, मिडीवर (कॉम्प्युटरच्या सुरांत) 'टायटॅनिक'चं गाणं आपोआप सुरू आणि बंद करायला बटण नाही. फोटो चोरीला जातील म्हणून राइट क्लिकवर बंदी, आणि फोटो काय, तर डोनाल्ड डक, तोही दुसऱ्याच्या पानावरून उचललेला. मजकूर म्हणाल तर 'माझ्या पानावर स्वागत आहे', माझे छंद, माझ्या आवडत्या लिंका. आठवणीत सगळंच गोड लागतं.

माझं होतं का? होतं. जांभळ्यावर पिवळं.

कडेलोट

@खवट, मान्य, पण ज्याला एखाद्या गोष्टीचं वेड होतं त्याचं पान कुरूप असूनही उपयोगाचं असायचं. माझं किल्ल्यांचं होतं, मोहल्ला योसेमिटी, डोंगरवाल्यांचा. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड. फोटो मोजकेच, कारण रोल धुवायचा, प्रिंट काढायची, मग स्कॅन. पण वेल्ह्याची मुक्कामी एसटी किती वाजता सुटते, खिरेश्वरला जायला खुबी फाट्यावर उतरायचं, पाण्याचं कुठलं टाकं मार्चनंतर आटतं, हे सगळं त्यात होतं. अनोळखी लोक मेल करायचे, "एसटीची वेळ बदलली, दुरुस्त करा." मी रात्री फाइल बदलून एफटीपीनं (सर्व्हरवर फाइल पाठवायच्या पद्धतीनं) चढवायचो. असे आम्ही काही ट्रेकवाले एकमेकांच्या पानांना 'पुढचा-मागचा' अशा वेबरिंगनं जोडलेले होतो. एकानं वर्गणी न भरल्यामुळे त्याचं पान गेलं, की तिथे साखळी तुटायची आणि माणूस अधांतरी.

ठिगळ

मी २००३ चा जन्म, त्यामुळे परवानगीशिवाय घुसतोय. माझं पान निओसिटीजवर आहे (ते २०१३ पासून आहे, जुन्या जिओसिटीजवरूनच स्फूर्ती). विषय: आमच्या सोसायटीतली मांजरं, प्रत्येकीला वेगळं पान. मार्की वापरलंय, ते अजून चालतं. ब्लिंक (अक्षरं लुकलुकवणारा टॅग) चालत नाही, फायरफॉक्सनंही २०१३ लाच काढून टाकलं, म्हणून सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) लुकलुक केली. इन्स्टावर मांजरं टाकली तर ती कुणाला दाखवायची ते ॲप ठरवतं. इथे आठवड्यात चार माणसं येतात, पण ती मांजरांसाठीच येतात.

@कडेलोट, तुमचं पान कुठे बघायला मिळेल का?

कडेलोट

आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुन्या पानांच्या नोंदी साठवणाऱ्या साइटवर) आहे, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मजकूर सगळा आहे, फोटो अर्धेच. २००१ ची नोंद उघडून तोरण्याचे फोटो दिसले नाहीत तर २००३ ची बघ. एका वर्षी न सापडलेलं चित्र कधीकधी दुसऱ्या वर्षीच्या नोंदीत मिळतं. एसटीच्या वेळांवर मात्र विसंबू नकोस, वेल्ह्याला फोन करूनच नीघ.