डिसेंबरातली उबदार रात्र आणि टोर्नेडो: तुमचे अनुभव सांगा

रानजाई
काल संध्याकाळी कचरा टाकायला बाहेर पडले. डिसेंबर, आणि अंगावर नुसता सुती कुर्ता. दक्षिणेकडून दमट वारा, कोकणात पावसाआधी सुटतो तसला. पोटात गोळाच आला. नवऱ्याला म्हटलं, हीच हवा होती. पुढचं सांगावं लागलं नाही.

10 डिसेंबर 2021, शुक्रवार. आम्ही केंटकीत बोलिंग ग्रीनला. रात्री एकच्या सुमारास टोर्नेडोचा इशारा आला, दोन्ही फोन एकदम किंचाळले. तळघर नाही. लेक तीन वर्षांची. तिला झोपेतच उचलून बाथटबमध्ये ठेवलं, डोक्यात तिच्या तीनचाकीचं हेल्मेट, वर गादी, आणि गादी धरून आम्ही दोघं. दिवे गेले. विमान उतरताना बसतात तसे कानांना दडे बसले. मग तो आवाज. दोन मिनिटंही नसतील. लेक गादीखालून विचारतेय, "आई, झालं का?"

आमचं छप्पर वाचलं. सकाळी झाडाला गुलाबी कापूस लटकत होता, कुणाच्या तरी घराच्या भिंतीत थंडीसाठी भरलेला. आमच्या काउंटीत 17 माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. झोपण्याआधी केंटकीतल्याच मेफिल्ड गावावर टोर्नेडो आल्याची बातमी पाहिली होती आणि "अरे बापरे" म्हणून दिवा मालवला होता. ते अजून सलतं.

ज्यांनी ती रात्र काढली त्यांनी लिहा. मोकळं वाटेल.

वाटसरू
त्याच रात्री आम्ही इलिनॉयमधल्या एडवर्ड्सव्हिलच्या अलीकडे, हायवेवर. साडेआठची वेळ. पाऊस असा की वायपर चालू आहे की बंद ते कळेना. पुलाखाली थांबू म्हणाले हे, मी नको म्हटलं. पुढच्या पेट्रोल पंपावर गेलो, तिथल्या मुलीनं सगळ्यांना आतल्या फ्रीजच्या खोलीत घेतलं. दुधाच्या कॅनच्या गर्दीत अकरा माणसं उभी. घरी आल्यावर कळलं, जवळच्या गोदामाची भिंत कोसळून सहा जण गेले. कामावर आलेली माणसं हो.

आजोळ
रानजाई, वाचताना काटा आला गं. लेक आता केवढी?

दवबिंदू
हवामानशास्त्र शिकलोय म्हणून थोडं लिहितो. एरवी सूर्य मावळला की जमीन थंड होते आणि ढगातला जोर ओसरतो. त्या रात्री मेक्सिकोच्या आखातावरून उबदार, दमट वारा सतत येत राहिला, दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव होतं ते तापमान, 60 फॅरनहाइटच्या वर. पश्चिमेकडून थंड हवेची आघाडी सरकत होती. जमिनीलगत वारा दक्षिणेचा, वर गेलं की पश्चिमेकडून येणारा आणि कितीतरी जोरदार. या फरकामुळे ढगच गरगरायला लागतो. हिवाळ्यात वरचे वारे फार वेगवान असतात, त्यामुळे उकाडा उन्हाळ्याएवढा नसला तरी भागतं.

मेफिल्डवाला ईएफ-4 होता (टोर्नेडोची तीव्रता ईएफ-0 ते ईएफ-5 अशी मोजतात). जमिनीवरून न उठता 266 किलोमीटर गेला, जवळजवळ तीन तास. पुण्याहून निघून सोलापूर ओलांडण्याएवढं अंतर! एकट्या त्याने 57 बळी घेतले. त्याच ढगाने त्याआधी आर्कान्साकडून टेनेसीपर्यंत दुसरा एक टोर्नेडो आणला होता. रडारवर मोडतोड 30,000 फुटांवर दिसत होती, म्हणजे विमानं उडतात तिथे घरांचे तुकडे.

वाटसरू
विमानांच्या उंचीवर... वाचून हात थांबला.

पाटावरवंटा
मी तिकडे नव्हते, पुण्यात होते. लेक बोलिंग ग्रीनच्या विद्यापीठात एमएसला. तिथे मध्यरात्र उलटून सव्वा वाजले होते म्हणजे इथे शनिवारी दुपारचे पाऊण. पोळ्या लाटत होते. मेसेज आला, "आई बाथरूममध्ये आहोत सगळे, बॅटरी कमी." मग चार तास काही नाही. ती कणीक तशीच राहिली, संध्याकाळी काळी पडली. अजून त्याच परातीत मळते.

आजोळ
ताई 🙏

वाळूघड्याळ
नॅशव्हिल, टेनेसी. आमच्यासाठी टोर्नेडोची मोठी रात्र 3 मार्च 2020ची, तीही मध्यरात्रीनंतरच. पुढे कुकव्हिलकडे तर भयंकर झालं. त्यामुळे 2021ला सायरनची वाट न बघता जिन्याखाली जाऊन बसलो. सासूबाई इथे होत्या, त्या म्हणाल्या वावटळीला एवढं काय घाबरायचं, आमच्या माणला रोज उठते. सकाळी बातम्या बघून गप्प बसल्या, आणि दुपारी न सांगता जिन्याखालची अडगळ काढून तिथे सतरंजी अंथरून ठेवली.

पाटावरवंटा
सासूबाईंना नमस्कार सांगा.

कापूसकोंड्या
पुढच्या शनिवारी आम्ही चार जण ब्लँकेटं घेऊन मेफिल्डला गेलो. कोर्टाच्या इमारतीवरचा घड्याळाचा मनोरा गेलेला. मेणबत्त्यांच्या कारखान्यात नाताळची घाई म्हणून रात्रपाळी चालू होती, तिथेही माणसं दगावली. हवा एव्हाना गारठलेली. एक आजोबा ढिगाऱ्यातून फक्त फोटो वेचत होते, पुसून खिशात ठेवत होते. डॉसन स्प्रिंग्जमधल्या एका घरातला 1942चा फोटो इंडियानात न्यू ऑल्बनीला एका गाडीच्या काचेवर सापडला, मागे नावं लिहिलेली, म्हणून घरी परत पोचला. तेव्हापासून मी आमच्या सगळ्या फोटोंच्या मागे नावं लिहितो.

नवखी
मी याच महिन्यात मेम्फिसला आलेय. तिसरा मजला, तळघर नाही. काय करू? सिरियसली विचारतेय.

दवबिंदू
तळमजल्यावरच्या कुणाशी आजच ओळख करून घ्या. आतली, खिडकी नसलेली खोली. पायात बूट घालूनच बसा, नंतर सगळीकडे काचा असतात. आणि हवामानाचे इशारे देणारा वेदर रेडिओ घ्या, फोन सायलेंटवर राहतो.

वाळूघड्याळ
रेडिओ बॅटरीवर चालणारा बघा हं, आमचा पहिला नुसता प्लगचा होता.

रानजाई
नवखी, माझ्याकडे एक जादा आहे, मेसेज करा, पाठवते. आजोळ, लेक आता मोठी झाली. तीनचाकी केव्हाच दिली, हेल्मेट मात्र बाथरूमच्या कपाटातच आहे. तिच्या डोक्यात बसत नाही आता. नवीन आणायचंय.